सायलेन्सरचा डाग

बुधवार, ५ जून

आज पुष्पांजलीची साक्ष ऐकली. काय तो मिळमिळीतपणा! 'वडील वारले. आई तेलमिलमध्ये झाडझूड करते. प्रभूने सांभाळले. आमेन.' ही साक्ष आहे की रेशनकार्ड? रविवारी पुण्याचे पाहुणे चर्चमध्ये येणार, साक्षी ऐकणार आणि मी चर्चमध्ये शिकवते त्या वर्गातल्या एकाच मुलीला फुकट नर्सिंगला नेणार. बारावीला अठ्ठावन्न टक्के आहेत बाईसाहेबांना! रडवल्याशिवाय कोण नेतं हिला?

मी पंधरा वर्षांची असताना खामगावच्या याच चर्चमध्ये उभी राहिले होते. आईनं दिलेला उलथन्याचा चटका सांगितला, हातावरचा डाग दाखवला. तेव्हाच्या पाहुण्यांनी मला शिकवलं. बाया आजही ती साक्ष ऐकून डोळ्याला पदर लावतात. अंधार दाखवल्याशिवाय उजेड दिसत नाही, किती वेळा सांगायचं या पोरींना!

दुसरबीडहून आईचा फोन आला होता. उचलला नाही.

शुक्रवार, ७ जून

पुष्पांजलीच्या पोटरीवर डाग आहे! मोटारसायकलच्या सायलेन्सरचा, म्हणते. म्हटलं, डागाला तोंड नसतं, आपण सांगू तेच तो सांगतो. माझ्या साक्षीतलंच उलथनं दिलं तिला.

"पन मायनं मले कधी हात नाई लावला, ताई. खोटं काऊन सांगू?"

"मग जा मिलमध्ये, झाडू मार आईसोबत."

रडली. रडू दे — रविवारी कामाला येईल. अकरा वेळा म्हणवून घेतलं.

शनिवार, ८ जून

पाठ झालं. आवाज नेमका 'माय' म्हणतानाच फुटतो. शाबास!

रविवार, ९ जून

घोटाळा! पुष्पांजलीची आई आली. कधी चर्चची पायरी न चढलेली आशाबाई आज लेकीचं 'भाषण' ऐकायला ठेवणीतलं पातळ नेसून हजर. शेवटच्या बाकावर, मांडीवर डबा. तिला बघून पोरगी बोलता बोलता थांबलीच. मी पहिल्या बाकावरून डोळे वटारले. मग सांगितलं तिनं सगळं — उलथनं, चटका, उपाशी ठेवणं.

पाहुण्यांतल्या एक बाई नाक पुसत म्हणाल्या, "ही आई जिवंत आहे का अजून?" सगळ्या माना मागे वळल्या. आता आशाबाई बोंब मारणार, माझा वर्ग बुडणार!

आशाबाई उभी राहिली. लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हाव. म्याच देल्ला चटका. लेक खरं बोलते. घेऊन जा तिले."

जागा पुष्पांजलीला मिळाली. मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. डबा बाकावरच राहिला होता. गिलक्याची भाजी आणि चार भाकरी, दोघींपुरत्या.

बुधवार, १२ जून

पाळकसाहेबांनी पाहुण्यांची अट वाचून दाखवली. अशा आईच्या हाती मुलगी परत द्यायची नाही. तीन वर्षं घर नाही, भेट नाही, फोनसुद्धा नाही. पुष्पांजलीनं आईचा पदर धरला. आशाबाईनं अंगठा उठवला आणि एवढंच विचारलं, "तिले सकायी चहा भेटंन ना? चहाबिगर डोकं दुखते तिचं."

मी एक वाक्य बोलले असते तर अट गेली असती. जागाही गेली असती, आणि चर्चमध्ये मला कुणी उभं केलं नसतं. नाही बोलले. भित्री आहे मी. निघताना पोरीनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

शुक्रवार, १४ जून

आज मीच आईला फोन लावला. विचारलं, "हातावरचा तो डाग — भाकरी करताना मीच भाजून घेतलं होतं ना?"

म्हणाली, "तू इतके वर्सं लोकाईला सांगतीस, म्या देला. मंग म्याच देला आसंल, बाई."