अडवलं नाही, राखलं

३ जून, सकाळ
लवादाचा निकाल आला. आमच्या बटणांच्या दुकानाचं इंटरनेटवरचं नाव, 'सुईदोरा', त्याच नावाच्या कपड्यांच्या कंपनीला द्यावं म्हणे. मी ते 'अडवून ठेवलं' असं लिहिलंय. अडवून नाही, राखून. एवढा फरक कळत नाही आणि लवाद म्हणवतो. कोर्टात जायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

४ जून
सूनबाई म्हणाली, बाबा, त्या नावावर आपलं पान कोरंच आहे. बटणांचे फोटो टाकू दिले असते तर ही वेळ आली नसती. मी म्हटलं, घाईत काज चुकतं. दिवसभरात एक गिऱ्हाईक, तेही पत्ता विचारायला. ऑनलाइन विकलं तरच दुकान तगेल, असं तिचं म्हणणं. आधी नाव सोडवू, मग तगू.

१९ जून
वकीलबाई म्हणाल्या, आजोबा, कोर्ट लवादाचा निकाल नव्याने तपासत नाही. पण कंपनीच्या तक्रारीला तुम्ही दिलेलं उत्तर लवादाने वाचल्याचं निकालात कुठे दिसत नाही. तेवढा एकच मुद्दा आहे. तो मी मांडते, तुम्ही गप्प बसा.
बाई हुशार. थोडी मदत लागेल.

२ ऑगस्ट
गप्प बसण्याचा सराव. सूनबाईला समजावून सांगत केला.

११ ऑगस्ट, दुपार
सुनावणी झकास. साहेब म्हणाले, उत्तर वाचलंच नसेल तर निकाल रद्द करण्याचा विचार करावा लागेल. तेवढ्यात कंपनीचा वकील 'अडवलं' म्हणाला. राहवेना. उठून म्हटलं, साहेब, अडवलं नाही, राखलं. साहेबांनी विचारलं, कशासाठी? म्हटलं, त्या कंपनीला मिळू नये म्हणून.
साहेबांनी लगेच लिहून घेतलं. वकीलबाई खाली बसल्या. आता बोलायला उरलंच काय होतं.

२६ ऑगस्ट
अर्ज फेटाळला. लवादाने उत्तर वाचलं असतं तरी फरक पडला नसता, अर्जदाराने हेतू स्वतःच सांगितला, असं म्हटलंय. माझं वाक्य मात्र जसंच्या तसं घेतलंय. वकीलबाई फोन उचलत नाहीत. कामात असतील.

५ सप्टेंबर
सूनबाईने दुसऱ्याच नावाने दुकान ऑनलाइन चढवलं. मला विचारलंही नाही. कोणतं नाव, म्हटलं. म्हणाली, ते नंतर सांगते, आधी ही बटणं रंगाप्रमाणे मांडून द्या, फोटो काढायचेत.
मांडली. निळी उलटी ठेवली होती म्हणे. तिने परत मांडली.