खिडकीजवळची जागा

१० एप्रिल २०१९
आजही मोतीरामभाऊ नाहीत! फकिरानं फाट्यावर जीप थांबवली, हॉर्न वाजवला, वाट बघितली. खिडकीजवळची त्यांची जागा कुणाला दिली नाही. एसटी जास्त ऐसपैस. तरी आम्ही पिशोरहून शहरात रोज जीपनंच का जातो, ते आज कळलं — मोतीरामभाऊंसाठी. त्यांचा मुलगा इंद्रजीत पुण्याला नोकरीत. त्याची बढती, त्याचे नवे बूट, त्यानं नाकारलेल्या मुली... ऐकता ऐकता शहरातली छावणी येते. बाहेर उजाड रानं, टँकर. आत नुसता हशा.

१२ एप्रिल
फकिरानं फोन लावला. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी उचलला. 'ताप हाय. पडून हायेत.' रविवारी जाऊन यावं.

१४ एप्रिल, रविवार
कसं लिहू!
फकिरा आणि मी गेलो. मोतीरामभाऊ आत झोपलेले. द्वारकाबाईंनी पाणी दिलं, अर्धा अर्धा पेला. फकिरा नेहमीसारखाच — 'वहिनी, इंद्रजीतच्या लग्नाला आख्खी जीप येणार बरं का!'
त्यांनी भिंतीकडं बघितलं. मीही. तरण्या पोराचा फोटो. त्याला हार!
'मागच्या दुष्काळात गेला. पाण्यासाठी विहिरीत उतरला व्हता.' मग हळूच, 'तवापासून ह्ये घरात त्याचं नावबी घेऊ देत नाईत.'
फकिरा उठून दारात जाऊन बसला. वाटलं, आता बाई चिडणार. त्या तर जवळ सरकल्या.
'काय काय सांगत्यात? पुण्यात कुठं ऱ्हातो म्हणं?'
सांगितलं. सगळं. बुटांचंसुद्धा.
'काळे का?'
'काळे.'
त्यांनी मान डोलावली. जशी काही खात्रीच होती!

१५ एप्रिल
देवापुढं बसलो, पण नामात मन लागेना. मोतीरामभाऊ परत आले की इंद्रजीतचं विचारायचं का? विचारलं तर त्या खोट्यात मीही वाटेकरी. नाही विचारलं तर पोरगा जीपमधूनही जाणार.
फकिरा म्हणतो, 'भाऊ, मी तर इचारणार. तुमचं तुम्ही बघा.'

१८ एप्रिल
फाट्यावर मोतीरामभाऊ — आणि शेजारी द्वारकाबाई! दोघं दवाखान्यात निघालेली. खिडकीजवळ दाटीनं बसली. फकिराला विचारण्याचा धीर होईना. मलाही.
मग द्वारकाबाईच मोठ्यानं म्हणाल्या, 'आमच्या इंद्रजीतला पोरगी पसंत पडली बरं का!'
मोतीरामभाऊ त्यांच्याकडं बघतच राहिले. मग म्हणाले,
'कोणती गं?'