चटईखाली कोणी बसायचं

प्रिय कर्स्टी,

तुझी फुलं पोचली. मी ती कचऱ्यात टाकणार होते, पण आईने माझ्या हातातून काढून घेऊन पाण्यात ठेवली. "फुलांनी काय घोडं मारलंय तुझं?" म्हणाली. सोबतचं कार्ड मात्र तिने माझ्याकडे दिलं. तू लिहिलं आहेस की कंपनीने माझ्या धाकट्या लुपेला नोकरी देऊ केली आहे, चार दिवस झाले तरी तिने सही केलेली नाही, आणि मोठ्या बहिणीने एक शब्द टाकला तर ती नक्की येईल. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. शेवटी तू एक हसरा चेहरा काढला आहेस. सहा महिन्यांत तुझ्याकडून आलेली ही पहिली ओळ. एक शब्द टाक म्हणालीस, टाकते. एकाचे जरा जास्त होतील.

मार्चच्या तीन तारखेला मी तुमच्याकडे रुजू झाले, तेव्हा वेलिंग्टनच्या वाऱ्याने स्टेशनबाहेरच माझी छत्री उलटी केली होती. आईने इस्त्री केलेला पांढरा ब्लाउज अंगाला चिकटला होता. तू दारातच भेटलीस. तुझा पिवळा रेनकोट माझ्या खांद्यावर टाकलास आणि म्हणालीस, "ठेव तुझ्याकडेच. या गावात छत्री फक्त पाहुणे वापरतात." मी "थँक यू, मॅडम" म्हणाले तर आजूबाजूचे हसले. तू म्हणालीस, इथे कोणी मॅडम नाही, इथे सगळे सारखे. माझा त्यावर विश्वास बसला. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. समारंभाला घरचे चौदा जण आले होते, चॉकलेटांच्या माळांनी माझं नाकसुद्धा झाकलं होतं. त्या चौदा जणांना वाटत होतं, मासिना आता अशा जागी चालली आहे जिथे माणसं डोक्याने काम करतात, आणि डोक्याने काम करणारी माणसं न्यायानेच वागत असणार. मलाही तसंच वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यात ड्यूगल माझ्या टेबलाशी आला. कंपनीचा मालक, पायात नुसते मोजे, हातात कॉफी. "सामोअन भाषेत कुटुंबाला काय म्हणतात गं?" मी सांगितलं, आइगा. पुढच्या सोमवारी तो शब्द पुरुषभर उंचीच्या अक्षरांत भिंतीवर रंगवलेला होता. मी त्याचा फोटो काढून घरी पाठवला. बाबा गोदामातून थकून आले होते, चष्मा लावून त्यांनी फोटो नीट पाहिला. "शब्द बरोबर लिहिलाय," म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "पण ज्या घराला भिंतीवर 'घर' लिहून ठेवावं लागतं, तिथे जरा जपून राहा." मला राग आला होता त्यांचा. गोदामात काम करणाऱ्या माणसाला आमच्या कंपनीतलं काय कळतंय, असं मनात आलं होतं. ते मी तुला आज सांगते आहे, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आणि तो बुधवारचा केक. चार वाजता सगळे गोल करून बसायचे. आठवड्यात ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती मोकळेपणाने सांगायची, आणि केकही त्यानेच कापायचा. कोणी कोणाला बोल लावायचा नाही, नावं खोलीबाहेर जायची नाहीत. मला तो केक प्रार्थनेइतका आवडायचा. आता आठवून पाहिलं तर ड्यूगलच्या चुका कशा होत्या? "मी फार काम करतो, मुलीचं नाटक चुकलं." "मी माणसांवर फार लवकर विश्वास ठेवतो." अशा चुका मलाही हव्या आहेत. कुठे मिळतात?

मे महिन्यात आपण तो बदल केला. वृद्धाश्रमांच्या शिफ्टचं वेळापत्रक आपलं अ‍ॅप लावायचं, तुला मी काय सांगणार. नवा नियम असा की पुढच्या शिफ्टची विचारणा रविवारी सकाळी दहाला जाणार, आणि दोन तासांत ज्याने 'हो' दाबलं नाही त्याची शिफ्ट काढून घेतली जाणार. चाचणी मीच करत होते. त्याच दिवशी मी तुझ्याकडे आले आणि म्हणाले, कर्स्टी, रविवारी दहाला आमच्यातली एकही बाई फोनकडे बघत नाही. सगळ्या चर्चमध्ये असतात, फोन पर्समध्ये, पर्स बाकाखाली. पोरिरुआच्या वृद्धाश्रमांत निम्म्या सेविका आमच्याच आहेत. तू म्हणालीस, "छान निरीक्षण आहे, आकडे आले की बघू." मी ड्यूगललाही लिहून पाठवलं. त्याने अंगठा पाठवला. सिडनीच्या मोठ्या गिऱ्हाइकाला महिनाअखेर नवं अ‍ॅप दाखवायचं होतं, हे मला नंतर कळलं.

अठरा तारखेच्या रविवारी आई चर्चच्या गायनात दुसऱ्या रांगेत उभी होती. तीही सेविकाच, तिला त्या दिवशी दुपारी एकला कामावर हजर व्हायचं होतं. एकला पाच कमी असताना ती वृद्धाश्रमाच्या दारात पोचली, तर तिच्या नावापुढे 'प्रतिसाद नाही' असं लिहिलेलं होतं आणि तिला परत पाठवलं. तिच्यासारख्याच आणखी सहा जणींना. त्यांच्या जागी यायला कोणी 'हो' दाबलेलंच नव्हतं. दोन सेविकांनी एकतीस म्हाताऱ्यांचं जेवण सांभाळलं. श्रीमती ऑलरेड, वय सत्त्याऐंशी, कोणी येईना म्हणून स्वतःच उठल्या आणि पडल्या. कमरेचं हाड मोडलं. आई त्यांचे केस विंचरायची. त्या तिला 'माझी गाणारी' म्हणायच्या.

मंगळवारी तू मला खाली कॉफीला घेऊन गेलीस. तुझ्या शेजारी बसून मी रडले. तू माझी पाठ थोपटलीस आणि म्हणालीस, "उद्या कोणीतरी सुरुवात करायला हवी. ड्यूगल बोलला तर गिऱ्हाईक बिथरेल, मी बोलले तर सगळी टीम कोसळेल. तू नवी आहेस, तुझ्यावर कोण रागावणार? आणि नावं बाहेर जात नाहीत, तुला माहीतच आहे." मी तुला इशारा दिला होता हे मी त्या वेळी का बोलले नाही, असं लुपे मला विचारते. खरं सांगू? मला अभिमान वाटला. आमच्यात गुन्हा घडला की इफोगा करतात. ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारात जाऊन बसायचं, डोक्यावरून बारीक विणीची चटई ओढायची आणि ते ती उचलेपर्यंत हलायचं नाही. सगळ्या कुटुंबाचा दोष एक माणूस डोक्यावर घेतो. मला वाटलं, भिंतीवर आइगा लिहिलंय, तर या घरासाठी मी बसते.

तेव्हा बुधवारी मी म्हणाले, चूक माझी. केक लिंबाचा होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ड्यूगलने मला मिठी मारली आणि म्हणाला, "याला म्हणतात हिंमत." शुक्रवारी वृद्धाश्रमाला माफीचं पत्र गेलं. "मासिना फालेआफा या नव्या कर्मचारी मुलीच्या नजरचुकीमुळे." खाली तुझी सही. पुढच्या बुधवारी, माझ्या उमेदवारीच्या नव्वद दिवसांतल्या सत्त्याऐंशीव्या दिवशी, दहा मिनिटांच्या बैठकीत मला सांगितलं की जमत नाहीये. त्या दिवशीचा केक कोणी कापला, मला माहीत नाही. तू लिफ्टपर्यंत माझं खोकं धरून आलीस. "तू फार मोठ्या मनाची आहेस, मासिना," म्हणालीस. मग लिफ्टचं दार बंद होऊ नये म्हणून पाय आडवा धरलास आणि विचारलंस, अ‍ॅपचा पासवर्ड बदललाय का मी.

ते पत्र वृद्धाश्रमाने सेविकांच्या खोलीत फळ्यावर लावलं. आईने चहा घेता घेता वाचलं. शेजारच्या बाईने विचारलं, "फालेआफा? तुमच्यातलीच का गं कोणी?" आई म्हणाली, "माझीच." आणि कप धुऊन कामाला गेली. घरी येऊन तिने मला एक शब्द विचारला नाही. बाबांनी विचारलं. मी त्यांना सगळं सांगितलं, चटईचंसुद्धा. मला वाटलं, ते तरी म्हणतील की पोरीने आपली रीत पाळली. ते म्हणाले, "रीत अर्धीच पाळलीस. चटईखाली घरातला मोठा बसतो. ज्याचा शब्द चालतो, तो. सगळ्यात धाकट्या पोरीला बसवून मोठे केक खातात, ते घर नव्हे."

त्या शनिवारी बाबांनी काळा कोट घातला, पेटीतून आजीची चटई काढली आणि मला गाडीत बसवलं. श्रीमती ऑलरेड यांचा मुलगा टावाला राहतो. त्याच्या अंगणात, गवतावर बाबा बसले आणि चटई डोक्यावरून घेतली. मी शेजारी. तो माणूस गवत कापायचं यंत्र हातात धरून बाहेर आला. "अहो, काय चाललंय हे? कोण तुम्ही? बरं वाटत नाहीये का?" त्याला वाटलं आम्ही आजारी आहोत. मी सांगायला लागले. माझं बोलणं संपेपर्यंत त्याने यंत्र खाली ठेवलं होतं. मग तो गुडघ्यावर बसला आणि चटईच्या आत डोकावून बाबांना विचारलं, "कंपनी तुमची आहे का?" बाबा आतूनच म्हणाले, "नाही. मुलगी माझी आहे." त्याला रीत माहीत नव्हती, कोणी शिकवली नव्हती, पण त्याने दोन्ही हातांनी चटई उचलली. नंतर त्याने आम्हाला चहा दिला. चटई बाबांनी त्याच्याकडेच ठेवली, घेईचना तो, तेव्हा खुर्चीवर ठेवून आले. बाबांचे गुडघे चार दिवस दुखत होते. ड्यूगलचा अंगठा त्या आठवड्यात कुठे होता, कर्स्टी? तू कुठे होतीस?

आता लुपेचं. लुपे माझ्यापेक्षा हुशार आहे, तुम्हाला ती फुकट मिळत नाहीये. आणि ऐक, तिला यायचं आहे. ती मला म्हणाली, "ताई, सेविकांचा फोन कधी बंद असतो हे माहीत असलेलं एक तरी माणूस तिथे नको का?" मी तिच्याशी दोन दिवस भांडले, आणि हरले. ही नोकरी नाकार असं मी तिला सांगणार नाही. पण तिची एक अट आहे, आणि हे पत्र मी तिच्याच सांगण्यावरून लिहिलं आहे. तुझ्याआधी तिनेच ते वाचलंय. सही तुला टपालाने मिळणार नाही, आणि शुक्रवारीही नाही; मुदत दोन दिवस वाढव. रविवारी बाराला चर्च सुटतं, साडेबारापर्यंत आई घरी पोचते. आता रविवारच्या शिफ्टसाठी तिला कोणी विचारत नाही. ये, आणि ड्यूगलला आणता आलं तर त्यालाही आण, मोठे तुम्ही आहात. फुलं आणू नकोस. चटई आमच्याकडे उरलेली नाही, आणि तुझ्याकडे असणार नाही. बाबांना विचारलं, ते म्हणाले, अंगावर घ्यायला काहीही चालतं, बसणं महत्त्वाचं. तुझा पिवळा रेनकोट अजून आमच्या दारामागे खुंटीला आहे. फाटकात आलीस की मी तो तुझ्या हातात देईन. डोक्यावरून घे आणि बस. किती वेळ ते आई ठरवेल. तिने तो उचलला, तर लुपे तिथेच तुझ्या पेनाने सही करेल.

एके काळची तुझीच,
मासिना