सायकलवाल्या कादंबरीखालची चिठ्ठी

प्रिय मास्तरीणबाई,

ही हाक तुला आवडत नाही, माहीत आहे. पण शाळेत रुजू झाल्यापासून तू ओळख न दाखवण्याचा जो सराव केला आहेस, त्यानंतर दुसरं काय म्हणू? घाबरू नकोस, रडगाणं गाणार नाही. मला शिसारी आली आहे आणि ती कुणापुढे तरी ओकायला हवी.

गेल्या सोमवारी तुमची यादी-समिती आमच्या पुस्तकांच्या दुकानात आली. सहावी ते आठवीच्या मुलांनी सुट्टीत वाचायच्या तीस कादंबऱ्या निवडायच्या म्हणून तुम्ही तिघं बसलात, दोनदा चहा घेतलात आणि एकाही कादंबरीचं पहिलं पान उघडलं नाहीत. तुमचे ते पालक-प्रतिनिधी, दातांचे डॉक्टर, फक्त पानांचे आकडे बघत होते. दोनशेच्या वर नको म्हणे, मुलांचं लक्ष टिकत नाही. एकीत आजोबा मरतात म्हणून बाद. मुलांना उगाच कशाला रडवायचं? एकीत मुलगा आईशी खोटं बोलतो आणि त्याला शिक्षाच होत नाही, म्हणून तीही बाद. उरल्या त्या, ज्यांत मुलगा शेवटच्या पानावर सगळ्यांना सॉरी म्हणतो. तेरा वर्षांच्या पोरांना हे लोक अजून घास कुस्करून भरवतात! आमचे मालक त्याहून थोर. प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते, आणि तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, अरे, वाचत बसणाऱ्याने दुकान चालवायचं नसतं.

आमच्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे. प्रत्येक कादंबरीखाली चिठ्ठी लावायची: कोणी वाचावी, का वाचावी. मुलांच्या कपाटाच्या चिठ्ठ्या माझ्याकडे. कॉलेज अर्धवट सोडलेल्याची विद्वत्ता तेवढ्याला पुरते. त्या सायकलवाल्या कादंबरीची चिठ्ठी मुख्याध्यापिकाबाईंनी हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने वाचली. 'ज्याला कुणी काही न सांगता सोडून गेलं आहे, त्याने वाचावी. प्रेम असं सहजासहजी विझत नाही.' मग 'प्रेम? सातवीला?' म्हणत त्यांनी ती प्रत मेलेल्या झुरळासारखी दोन बोटांत धरून बाजूला ठेवली. तू अक्षर ओळखलंस. मान खाली घालून यादीतलं नाव पेन्सिलीने खोडलंस.

दोन दिवस मी तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या. भित्री, नोकरीला चिकटलेली, काय काय. वहिनीवरही खेकसलो. ती म्हणाली, भाऊजी, राग कुणाचा आणि ताट कुणाचं आपटताय?

मग काल समोरच्या शिंपीणबाईंची मुलगी आली. तुमच्याच शाळेत सातवीत आहे. शाळा सुटली की आमच्या कपाटाशी उभी राहून वाचते, तीच कादंबरी, अर्ध्यावर आली आहे. तिचे वडील वर्षापूर्वी घर सोडून गेले. कादंबरीतल्या मुलीचेही गेलेत, आणि ती त्यांची मागे राहिलेली सायकल एकटी दुरुस्त करत बसते. प्रेमबीम त्यात कुठेच नाही. मी म्हटलं, घेऊन जा घरी, माझ्याकडून. तर म्हणाली, नको दादा, असलं पुस्तक कोणी दिलं म्हणून आई ओरडेल. शाळेच्या यादीत आलं की शाळेचं म्हणून नेईन, मग आईपण वाचेल. येईल ना?

तिला काय सांगू? 'पोरी, तुझ्या पुस्तकाखाली मी माझं रडगाणं चिकटवलं, म्हणून ते यादीत येणार नाही,' असं? समितीत तू आहेस हे कळलं, तेव्हा मी तिथली जुनी, साधी चिठ्ठी फाडली आणि ही लावली. सोडून गेलेलं माणूस तू, उरलेला मी. मुलांचा त्यात संबंधच नव्हता. तुम्ही पुस्तक न उघडता बाद केलंत. मी तर दोनदा वाचलेलं पुस्तक वापरलं, तुझी एक नजर मिळावी म्हणून. सगळ्यांत जास्त किळस मला माझीच येते.

यादी उद्या छापायला जाते, आणि न निवडलेल्या प्रती शनिवारी खोक्यात भरून प्रकाशकाकडे परत. म्हणून हे पत्र. सोबत कादंबरी ठेवली आहे. एकशे ऐंशी पानं आहेत, डॉक्टर खूश होतील. वाच, आणि पटली तर बाईंना सांग की चिठ्ठी एका मूर्खाने स्वतःसाठी लिहिली होती. माझं नाव घेऊन सांग. मालकांनी हाकललं तर हाकललं. यादीत ती कादंबरी दिसली, तर त्याचा माझ्यापुरता काही अर्थ काढणार नाही, एवढा शब्द देतो. ते त्या मुलीचं पुस्तक आहे.

तुझाच, न विचारता,
भडकू