सुरेखाचा लेखनिक

सोलापूर, शुक्रवार, संध्याकाळ

सुरेखाचा शेवटचा पेपर झाला. डिस्लेक्सियाच्या दाखल्यामुळं तिला लेखनिक मिळतो. लेखनिक परीक्षा देणाऱ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो, म्हणून कॉलेज अर्धवट सोडलेला मी नियमात बसलो. तिनं सांगायचं, मी लिहायचं. स्वतःचा शब्द घालायचा नाही.

सुपरवायझर म्हणाले, “वाचता येत नाही, तर बीए कशाला करतेस?” मी उठणारच, तेवढ्यात तिनं मनगट धरलं. “बस की रे. लिही.” आणि पुढचं उत्तर घडाघडा सांगितलं. तिला सगळं येतं. छापलेलं वाचायलाच तेवढा वेळ लागतो.

बाहेर आल्यावर म्हणाली, “तुझ्यामुळं झालं रे. आता माझ्या लग्नाला कुर्डुवाडीला यायचं हं.”

लग्न? मग मनगट धरलं ते? येडा मी. पेपर बुडू नये म्हणून धरलं होतं तिनं.

“येतो की,” म्हणालो. तिथंही स्वतःचा शब्द घालता आला नाही.