धोंडबाविरुद्ध वस्तरा

५ नोव्हेंबर

आज हुडकेश्वर मार्गावरील धोंडबाच्या केशकर्तनालयात आमचा जाहीर अवमान झाला! कित्येक वर्षे हे मुखमंडल ज्याच्या स्वाधीन केले, त्याच नराधमाने भरल्या दुकानात वस्तरा खाली ठेवला. "मास्तर, हे दाढी नाही, काथ्याची चटई आहे. माह्यानं होत नाही. घरीच करत जा." सगळे बाक हसले. मागच्या खेपेस त्याने कानाखाली ओरखडा काढला होता, तेव्हा प्रमाद समजून क्षमा केली. आता कळते — ती नांदी होती.

संस्कृत शिकवण्यात हयात गेली. शाप देण्याची विद्या तेवढी राहून गेली. असो. प्रतिज्ञा करतो — स्वहस्ते, वस्तऱ्यानेच दाढी करीन आणि तुळतुळीत मुखाने नित्य प्रातःकाळी त्याच्या दारावरून जाईन. भस्म होऊ दे!

७ नोव्हेंबर

इतवारीत शस्त्रखरेदी. दुकानदाराने एक तन्वंगी वस्तरा पुढे केला. पाते दोन्ही अंगांनी घासून इतके खोलगट, पातळ केलेले, की नखाने छेडताच गाते! आम्ही नादब्रह्मास भुललो.

८ नोव्हेंबर

गायन झाले, क्षौर नाही. आमच्या हनुवटीवर साक्षात बाभूळवन! ते नाजूक पाते केसांना अडखळले, थरथरले, उडाले. रक्तपात. स्नानगृहाच्या दारात प्रेमिला — "अजी, दाढी करून राहिले का बोकड कापून राहिले?"

धर्मपत्नीही शत्रुपक्षात.

१० नोव्हेंबर

पुनश्च इतवारी. या वेळी सौंदर्यदृष्टी घरी ठेवून गेलो. प्रत्येक वस्तरा तळहातावर तोलला. अखेर निवडला तो कुरूप — रुंद पात्याचा, जड, पाठीकडे पाचरीसारखा जाड. छेडला तर नुसते 'ठक्' म्हणतो. राठ दाढीपुढे डगमगणार नाही असा निगरगट्टच हवा. गवयाचे तेथे काम नाही. सोबत धार परजायला चामड्याचा पट्टा.

१५ नोव्हेंबर

विजय! आधी उष्णोदकाचे फडके, मग फेस लावून स्वस्थ बसणे, मग पाते जवळजवळ आडवे धरून केसांच्या कलाने. जोर आपण लावायचा नाही. वजन त्याचे तो वापरतो. गाल असा, की माशी घसरावी!

तत्काळ धोंडबाच्या दारावरून मिरवलो. त्याने पाहिले. मान खाली घातली. अहाहा! आणि त्याच्या स्वतःच्या गालांवर पांढरी झुडपे! क्षौरकाराच्या मुखी असे अरण्य! दैव न्यायी आहे.

१८ नोव्हेंबर

आज या मार्गावरील दुकानांची सुटी. सुटीच्या दिवशी हे लोक एकमेकांची दाढी करतात — आधी धोंडबा पलीकडच्या गल्लीतल्या नानाजीची, मग नानाजी धोंडबाची. एका धंद्यातले, पैशाचे नाव नाही. हातास हात. पण करून घेतली की करून द्यावीच लागते.

आज मात्र नानाजी दारातूनच परतताना दिसला. आम्ही सहानुभूतीचे सोंग घेऊन चौकशी केली. "ना माही करते, ना त्याची करू देते. दसऱ्यापासून असंच चालू आहे. काहून रुसला, काई समजत नाही."

म्हणजे स्वकीयांनाही तोडले! घरी जाताना जिलेबी नेली. आता एकच मनीषा उरली — एकदा त्याचा गळा आमच्या वस्तऱ्याखाली यावा. मग शांतपणे विचारू, काथ्या कोणाचा?

२० नोव्हेंबर

धोंडबाच्या दारावरून तीनदा गेलो. काम काही नव्हते.

२४ नोव्हेंबर

सकाळी धोंडबा घरी आला! क्षमायाचनेला आला असे धरून आम्ही आसनावर ताठ बसलो. प्रेमिलाने चहा दिला. कप बशीवर वाजू लागला. अर्धा चहा बशीत, उरलेला धोतरावर. त्याने उजवा हात डाव्याखाली दडपला — जणू पकडलेला चोर.

दसऱ्यापासून हात थरथरतो म्हणाला. मऊ दाढ्या मनगट टेकवून कशाबशा निभावतो.

"तुमच्या दाढीले जोर लागते, मास्तर. त्या दिवशी कानाखाली लागलं. जरा खाली असतं, त नस होती. तुमी त रोज येणारे. खरं सांगतलं असतं त म्हणले असते, कर गा धोंडबा, काई होत नाही. म्हणून हसू करून हाकललं."

नानाजीकडून करून घ्यावी तर परत करून द्यावी लागेल, आणि मग हात त्याला दिसेल. बातमी फुटली की खुर्ची रिकामी. उद्या मुलीचे साक्षगंध आहे. मुलाकडची मंडळी मौद्याहून येणार.

"असं तोंड घेऊन कसा बसू? रोज तुमचं पाहून राहिलो. हात चांगला बसला तुमचा."

पहाटे ये म्हटले.

२५ नोव्हेंबर

धोंडबाने मान मागे टाकली, डोळे मिटले. गळा माझ्या वस्तऱ्याखाली होता. काथ्याचे विचारायचे राहून गेले. हात स्थिर ठेवण्यातच सारे लक्ष होते. उठल्यावर त्याने गालांवरून हात फिरवला आणि पैसे काढायला खिशात घातला.

मी नको म्हटले. आमच्या धंद्यात एकमेकांकडून घेत नाहीत.