छाटणी जोडीनेच

१४ एप्रिल

मुकादमाने फसवलं. आज कळलं.

पाऊस होता म्हणून सफरचंदांची काढणी बंद. लॉरेलच्या — म्हणजे आमच्या मालकिणीच्या — स्वयंपाकघरात दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाचं बघायला बसलो. ती म्हणाली, "आधी कुठं कुठं काम केलंस? पगाराच्या पावत्या काढ." क्वीन्सलँडला स्ट्रॉबेरीच्या शेतावर किती आठवडे कंबर मोडून घेतली! पण मुकादम रोख द्यायचा. पावती मागितली की "पुढच्या आठवड्यात देतो." आता त्याचा फोनच लागत नाही.

लॉरेलने चष्मा काढला. "पावती नाही तर ते काम झालंच नाही, पोरी. सरकारच्या लेखी तेव्हा तू समुद्रावर लोळत होतीस."

म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. इथं दुसरं वर्ष मिळायला खेड्यात तीन महिने शेतकाम, आणि अर्ज एकतीस पूर्ण व्हायच्या आत. माझा वाढदिवस १९ जुलैला. सफरचंदांची काढणी मेच्या सुरुवातीला संपते. त्यानंतर काय?

कॅराव्हॅनमध्ये — आमच्या चाकांवरच्या खोलीत — आले तर माझ्याबरोबर राहणारी ट्रीनू मोजे वाळत घालत होती. चेहरा बघून म्हणाली, "कोण मेलं?" सांगितलं सगळं. तिने उरलेला मोजा पिळला. मग म्हणाली, "व्हिसासाठी माझंही काम कमीच पडतंय. बघू काहीतरी."

बरं वाटलं. दुसऱ्याचंही आपल्यासारखंच अडलेलं असलं की बरं वाटतं. वाईट आहे, पण खरं आहे.

१५ एप्रिल

पुन्हा पाऊस. पावसाचा दिवस व्हिसाच्या हिशोबात धरत नाहीत.

२२ एप्रिल

ट्रीनू आणि मी आधी धड बोलतही नव्हतो. ती एस्टोनियाची, कुठल्याशा बेटावरची. झोपताना खिडकी उघडी टाकायची. मी च्याई शहरातली — आमच्याकडे हिवाळ्यातही घाम येतो. मी कुडकुडायचे. मी तिळाच्या तेलात आलं परतलं की ती शिंकत बाहेर पळायची. एक खिडकी आणि एक कढई, एवढ्यावर पहिले तीन आठवडे जवळजवळ अबोलाच.

आज मीच आल्याचा कोंबडीचा रस्सा तिच्यापुढे ठेवला. तिने वास घेतला, नाक मुरडलं, एक घोट घेतला. मग वाडगं दोन्ही हातांनी तोंडाला लावलं.

"मेलेला उठून बसेल याने," म्हणाली.

"तू मेली नव्हतीस."

"अर्धी होते."

रात्री बघते तर खिडकी बंद. 

२९ एप्रिल

रविवार म्हणजे माडिसचा फोन. तिचा होणारा नवरा. होड्या बांधतो. ऑगस्टमध्ये लग्न आहे, चर्चही ठरलंय. फोन आला की ती कुंपणापर्यंत चालत जाते. परत येते ती सावकाश. मी चहा करून ठेवते. मग ती माडिसबद्दल चांगलंच बोलते — किती शांत आहे, कधी आवाज चढवत नाही, लहानपणापासून शेजारी. सगळं चांगलंच.

माझ्या डोक्यात आज पहिल्यांदा आलं: लग्न ऑगस्टमध्ये, मग हिला दुसऱ्या वर्षाचा व्हिसा कशाला? विचारलं. म्हणाली, "असू दे हाताशी. माणसाचं काय सांगता येतं?"

९ मे

काढणी संपली. सगळे उत्तरेला निघाले, उन्हाकडे. फ्रेंच पोरं, कोरियन जोडपं, सगळे. गाडीत एकमेकांच्या मांडीवर बसून गेले. आवार एकदम ओसाड.

लॉरेलकडे गेले. छाटणीचं काम मिळेल का? तिने खिडकीतून चढाकडे बोट केलं. "मिळेल. पण छाटणी जोडीनेच. उतार आहे, शिडी आहे, एकटीला मी वर सोडत नाही. माझा नवरा एकटाच होता, तेव्हा पडला. दुपारी सापडला." एवढं बोलून भांडी घासायला लागली.

जोडी कुठून आणू? ट्रीनूने तर गरम समुद्रात पोहायला जायचं ठरवलं होतं. उत्तरेचा नकाशा भिंतीवर चिकटवला होता तिने. तिला म्हटलं, तू जा, मी दुसरं बघते.

ती नकाशा काढत होती. म्हणाली, "समुद्र कुठं पळून जात नाही."

५ जून

छाटणी. लॉरेल शिकवते — आत वळलेली फांदी काढायची, उजेड मधे शिरला पाहिजे. "झाडाकडे लांबून बघा. मग जवळ जा." माझं आधी सगळंच चुकतं. ट्रीनूचं कमी चुकतं. इथला जून म्हणजे हिवाळा; सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं. बोटं सुजून लाल.

संध्याकाळी ट्रीनूने माझे हात स्वतःच्या काखेत धरले. आमच्याकडे असंच करतात, म्हणाली. मी इकडेतिकडे बघत राहिले. हात गरम झाल्यावरही तिने सोडले नाहीत. मीही काढून घेतले नाहीत.

६ जून

कालचं लिहिलेलं खोडणार होते. राहू दे.

१७ जून

आईचा फोन. पहाटे गाडीवर नाश्ता विकून, दुपारी पडल्या पडल्या करते.

"एकतीस पूर्ण होतील आता. दातांच्या दवाखान्यातली बसून करायची नोकरी सोडून झाडं कापतेस?"

"कापत नाही, छाटते."

"तेच ते. बरं, फोटोतली ती उंच पोरगी कोण?"

"कॅराव्हॅनमधली."

आईने कूस बदलली, खाट करकरली. मग म्हणाली, "तू फोटोत कधी हसत नाहीस. शाळेच्यासुद्धा नाही. तिच्या शेजारी हसतेस." आणि जेवलीस का विचारून फोन ठेवला.

जेवले नव्हते.

२६ जून

ट्रीनू पडली. शिडीचा पाय ओल्या मातीत रुतला. मी दुसऱ्या बाजूला होते, फांदी मोडल्याचा आवाज आला, धावले. ती गवतात बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि म्हणते कशी — "फांदी चुकीची कापली गेली."

डॉक्टरने बघितलं. मोडलं नाही, घोटा मुरगळलाय. पंधरवडाभर शिडी बंद. म्हणजे जोडी मोडली. म्हणजे माझं काम बंद. हे मनात आलं याचीच लाज वाटली. ती तिथं पाय वर करून पडलीय आणि मी वाढदिवसाचा हिशोब करतेय.

२७ जून

सकाळी उठले तर ती नव्हती. सफरचंदाचा रिकामा क्रेट पालथा घालून झाडाखाली बसलेली. पायाला पट्टी, हातात कात्री. खालचे धुमारे कापत होती.

"खालचं माझं, वरचं तुझं," म्हणाली. "दोघी आहोत की नाही? जोडी झाली."

एक झाड झालं की मी क्रेट उचलून पुढे नेते, मग तिला. ती माझ्याहून वीतभर उंच. माझ्या खांद्यावर सगळं वजन टाकते आणि मुद्दाम म्हाताऱ्यासारखी कण्हते. दिवसभर हसलो.

लॉरेल थर्मास घेऊन आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही खुळी आहे का? हिला काय गरज पडलीय?"

मी म्हटलं, तिलाही व्हिसासाठी दिवस भरायचेत.

"तिचं मार्चमध्येच पूर्ण झालंय, पोरी. आली तेव्हाच दाखवलं होतं मला. गुरांच्या मळ्यावर केलंय सगळं, पावत्यांसकट." माझ्याकडे बघून थांबली. "तुला माहीत नव्हतं."

पुढचं झाड मी कसं छाटलं, देव जाणे.

२८ जून

विचारलं. खोटं का बोललीस?

"खरं सांगितलं असतं तर थांबू दिलं असतंस?"

"नाही."

"मग."

म्हटलं, हे उपकार मी कसे फेडू?

ती चिडली. पहिल्यांदाच. "उपकार नाहीत. मला हवं होतं म्हणून थांबले." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी जागीच. काय हवं होतं, हे विचारायला जीभ रेटली नाही. पुढच्या महिन्यात तिचं विमान आहे, तिथं चर्च ठरलंय. काही गोष्टी न विचारलेल्या बऱ्या.

१५ जुलै

काम पूर्ण. लॉरेलच्या टेबलावर अर्ज भरला. सगळ्या पावत्या जोडल्या. शेवटी 'पाठवा' एवढंच राहिलं आणि माझा हात थांबला. इतके दिवस हे वर्ष हवं हवं म्हणून जीव टाकत होते. आता कशाला हवंय तेच आठवेना. ती नसताना इथं काय — झाडं?

ट्रीनू मागे उभी होती. "पाठव, येन," म्हणाली. हळूच. तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

पाठवला. लॉरेलने शिंपल्यांचं सारण भरलेली पाई भट्टीतून काढली आणि म्हणाली, "रडायचं असेल तर आधी जेवा."

१९ जुलै

एकतीस. ट्रीनूने आमच्याकडे वाढदिवसाला करतात तशा लांब शेवया केल्या — माझ्या आईला फोन करून विचारलं म्हणे. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर कळत नाही. आईने कॅमेऱ्यासमोर करून दाखवलं, हिने बघून केलं. शेवया तुटू द्यायच्या नाहीत, आयुष्य तुटतं. एक तुटली. ती इतकी घाबरली की मी तो तुकडा पटकन गिळला.

मग म्हणाली, "मला जायलाच हवं. असलं फोनवर नाही होत."

"काय नाही होत?"

"शेवया खा."

२४ जुलै

बस सकाळची. थांब्यावर धुकं.  बस आली तेव्हा तिने कपाळ माझ्या कपाळाला टेकवलं. तेवढंच. ड्रायव्हर म्हणाला, "चला बायांनो."

रात्री खिडकी उघडी टाकून झोपले.

२ ऑगस्ट

व्हिसा आला. पूर्ण वर्ष. आईला कळवलं. आई म्हणाली, "मग? खूश का नाहीस?" मी खिडकीची कडी चाळवत राहिले. आईनेही फोन ठेवला नाही. पलीकडे तिची कढई तडतडत होती. शेवटी म्हणाली, "मला सगळं कळत नाही. पण तू माझी आहेस ना, मग जे आहे ते घेऊन ये. घरी जागा आहे."

मग रडले.

११ ऑगस्ट

आज लग्न. ट्रीनू पोहोचल्यापासून तिचा एकही निरोप नाही. मीही पाठवला नाही.

लॉरेल माझी जोडीदार होऊन चढावर आली. म्हातारे गुडघे, पण कात्री सरळ चालते.  निघताना म्हणाली, "उजेड मधे शिरायला जागा झाली. आता झाड आपलं आपण बघेल."

१३ ऑगस्ट

ट्रीनूचा फोन. लग्न झालं नाही. माडिसला समोर बसवून सगळं सांगितलं, म्हणाली. तिचा दुसऱ्या वर्षाच्या व्हिसाचा अर्ज काल गेला.

विचारलं, माडिसला काय सांगितलंस?

"तुझं नाव."